रुग्ण आणि योजना यांच्यामध्ये माणूस हवा

महाराष्ट्रात आज कागदावर पाहिलं तर गरिबाला उपचार महाग नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च सरकार उचलतं, आणि पूर्वीसारखी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट त्याला उरलेली नाही. धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या, रुग्णालयांत २० टक्के खाटा गरिबांसाठी राखून ठेवायच्या, हा उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेला नियम आहे. एवढं सगळं असूनही धडगाव, भामरागड किंवा धारणी अशा आदिवासी तालुक्यांतून मोठ्या दवाखान्याकडे निघालेलं कुटुंब आधी बैल किंवा बकऱ्या विकायला काढतं. शहरातल्या वस्तीतलं कुटुंब दागिने गहाण टाकतं.

यावर विधिमंडळाच्या दर अधिवेशनात एकच उत्तर येतं, आणखी एक योजना. ते उत्तर चुकीचं आहे. योजना पुरेशा आहेत, रुग्णापासून योजनेपर्यंत नेणारा माणूस मात्र नाही. तो माणूस रुग्णाच्या भाषेत बोलणारा, त्याच्या घरची रीत जाणणारा आणि दवाखान्याचे कागद वाचता येणारा असला पाहिजे. त्याला पगार असला पाहिजे, आणि त्याचं पद आस्थापनेवर मंजूर असलं पाहिजे. स्वयंसेवी संस्थांच्या भलेपणावर हे काम सोडून आपण फार वर्षं काढली.

आधी पैशाचं पाहू, कारण ‘मोफत’ उपचार नेमके कुठे महाग होतात हे फार थोड्यांना माहीत असतं.

जन आरोग्य योजनेचा लाभ कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. दवाखाना योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील करून घेतलेला, असावा लागतो आणि ज्या आजारासाठी आपण गेलो ती शाखाही त्याच्या मंजुरीत असावी लागते. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी अंगीकृत असलेला दवाखाना हृदयाच्या झडपेसाठी नसू शकतो. बाहेरचा फलक दोघांसाठी एकच असतो. म्हणून निघण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर फोन करून ‘या आजारासाठी हा दवाखाना चालेल का’ एवढं विचारून घ्यावं. दवाखान्यात आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनिसाची, खिडकी असते. आधार आणि शिधापत्रिका दाखवून तिथे नोंद होते, मग उपचाराची पूर्वमंजुरी मागवली जाते. तातडीची केस असेल तर मंजुरी फोनवरूनही घेता येते.

हे सगळं बिघडतं ते साध्या गोष्टींमुळे. आधारवर ‘सुमनबाई’ आणि शिधापत्रिकेवर ‘सुमन’. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं, की रुग्ण रात्री येतो, नातेवाईक गोंधळलेले असतात, काउंटरवर ‘आत्ता पैसे भरा, योजनेचं सकाळी बघू’ असं सांगितलं जातं आणि रुग्ण रोखीचा रुग्ण म्हणून दाखल होतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेजारच्या खाटेवरचा योजनेबद्दल सांगतो. तोवर तपासण्यांचं बिल झालेलं असतं, आणि नोंदणीपूर्वी भरलेला पैसा परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. खरं तर दाखल होताना एका वाक्यात ‘आम्हाला योजनेतून उपचार हवेत’ असं सांगून केसपेपरवर तशी नोंद करून घेतली, तर यातलं बरंच टळतं. पण हे वाक्य म्हणायचं असतं हे त्या रात्री त्यांना सांगणार कोण?

घरी जातानाही असंच होतं. योजनेच्या पॅकेजमध्ये दाखल असतानाचं जेवण, घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधं व तपासणी, आणि परतीचं एस.टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. हे भाडं मागणारा रुग्ण विरळा. ते मागायचं असतं हेच माहीत नसतं.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट याहून कठीण आहे, कारण तिथे रुग्णाला स्वतःचा हक्क स्वतः मागावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली ही योजना चालते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा सध्या निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते. पैसा येतो तो रुग्णालय प्रत्येक बिलातून जी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवतं त्यातून. आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून त्याचा जीव स्थिर करणं हे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात तीन उत्तरं ऐकू येतात, ‘खाट शिल्लक नाही’, ‘समाजसेवा अधिकारी सोमवारी येतील’ आणि ‘आधी अनामत भरा, मग अर्ज करा’. तिन्ही उत्तरं तोंडी असतात, आणि तिथेच सगळं अडतं. लेखी मागणी केली की उत्तर बदलतं, कारण लेखी नकार धर्मादाय आयुक्तांपर्यंत जाऊ शकतो. अर्ज एका कागदाचा असतो. रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख व वेळ, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, ‘कलम ४१ अअ खालील योजनेचा लाभ मिळावा’ ही मागणी, आणि प्रतीवर पोच. हा अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी द्यायचा. अंतिम बिल हातात पडल्यावर दिलेला अर्ज म्हणजे दयेची याचना ठरतो, आणि त्याचं उत्तरही दयेच्या मापानेच मिळतं.

इथवर जे लिहिलं ते मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसालाही अवघड जातं. आता रुग्ण कोरकू बोलणारा आहे असं समजा.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. माडिया आणि गोंडी द्रविड कुळातल्या. मराठी येणाऱ्या डॉक्टरला त्यातला शब्द अंदाजानेही लागत नाही. पण निदान त्याला कळतं तरी, की आपल्याला काही कळलेलं नाही. भिली, पावरी किंवा वारली बोलणाऱ्यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, दोघेही मान डोलावतात, आणि काय ठरलं ते दोघांनाही वेगवेगळं कळलेलं असतं.

सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, उदाहरण घेऊ. नंदुरबार, गडचिरोली आणि अमरावतीच्या आदिवासी भागात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि २०४७ चं उद्दिष्ट ठरलं. तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. नवरा-बायको दोघेही वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार मुलांत पोहोचवू शकणारे निघाले, की समुपदेशक सांगतो, ‘तुमच्या चारातलं एक मूल आजारी निघू शकतं.’ वाक्य बरोबर आहे. पण घरी पोहोचतं ते असं: पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे एक होऊन गेलं, आता पुढची तीन धडधाकट. किंवा पहिली दोन निरोगी निघाली, म्हणजे पुढे भीती नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रत्येक गर्भारपणात तेवढाच धोका नव्याने असतो.

हे शब्दांनी समजावणं कठीण असतं आणि हाताने सोपं. आई आणि बापाच्या ओंजळीत प्रत्येकी एक लाल व एक पांढरी बी ठेवायची. डोळे मिटून दोघांकडची एकेक बी उचलायची, जोडी पाहायची आणि बिया परत ठेवायच्या. दोन लाल आल्या तर मूल आजारी, एक लाल एक पांढरी आली तर वाहक, दोन्ही पांढऱ्या आल्या तर निरोगी. आठ-दहा वेळा करून दाखवलं की ‘प्रत्येक वेळी नव्याने’ हे आपोआप कळतं. यासाठी दहा-पंधरा मिनिटं आणि समोरच्याची भाषा लागते. आपल्या व्यवस्थेत दोन्हींची तरतूद नाही.

याच आजारात हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घ्यावं लागतं, दुखत नसतानाही. ‘दुखलं की गोळी’ ही सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली रीत आहे, त्यामुळे दुखणं थांबलं की गोळी थांबते. रुग्णाच्या कागदावर ‘औषध नियमित घेत नाही’ असा शेरा पडतो. रोज घ्यायचं का, रक्त मधूनमधून तपासून का घ्यायचं, आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी का सांगायचं, हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलंच नसेल तर तो शेरा रुग्णावर नव्हे, व्यवस्थेवर मारायला हवा.

दुभाषी नसतो तेव्हा त्याची जागा नातेवाईक घेतात. बहुतेकदा नवरा, नाहीतर आश्रमशाळेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी. आईच्या पाळीबद्दलचा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाने तिला विचारायचा आणि तिने त्याला उत्तर द्यायचं, ही अपेक्षाच अमानुष आहे. नवरा समोर असताना मारहाणीचा वळ ‘पडले’ म्हणूनच सांगितला जातो. डॉक्टरने बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा परस्पर देतो, तेव्हा तपासणी बाईची होते आणि इतिहास नवऱ्याचा लिहिला जातो. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्ण हक्कांच्या सनदेतला हक्क आहे. प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याची मुभा सरकारी प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आहे. दोन्ही गोष्टी बाईला कळतील अशा भाषेत तिला कुणी सांगायला नको का?

आणि भाषा एक असली म्हणजे भागतं असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. डॉक्टर मराठी, रुग्ण मराठी. पण अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं, तेव्हा दुसरा उपाय आहे का, हे विचारायला तिच्या बाजूचं कुणी खोलीत नव्हतं. खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, फडावर संडास नाही, पाळीच्या चार दिवसांत कोयता चालवावाच लागतो. तिचं हे जगणं ज्याला माहीत आहे असा माणूस बाजूला असता तर साध्या औषधांनी बऱ्या होणाऱ्या कितीतरी जणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्या नसत्या. त्यांनी शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचल वाढवून घेतली आणि कर्ज फेडायला पुन्हा फडावर गेल्या. समजून न घेता दिलेली संमती किती महाग पडते ते इथे दिसतं.

रुग्णाच्या रीतीभातीला मान द्या म्हटलं की काही डॉक्टरांना ती भावुकता वाटते. त्यांनी गडचिरोलीचे आकडे पाहावेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार देणं. ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे तीच पद्धत आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने देशभर गेली. बाळाच्या घरात शिरायला परवानगी असलेली, आजीशी वाद न घालता तिला पटवू शकणारी बाई हे त्या उपचाराचं मुख्य उपकरण होतं. तिथलं रुग्णालयही आदिवासींना विचारून उभं राहिलं. एका मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांची रचना, नातेवाइकांना सोबत राहायला जागा, आणि नाव दंतेश्वरी देवीचं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. रीतीला मान द्यायचा म्हणजे मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्यालाही मान द्यायचा का? मुळीच नाही. पण ती प्रथा पत्रकं वाटून थांबलेली नाही. चटके देणारा भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, गावाचा विश्वासाचा माणूस असतो आणि रात्री दोन वाजता तो दारात येतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत बसून ठरवावं लागतं, की बाळ दूध ओढत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा अंग गार पडलं असेल तर पूजा कर, पण लोखंड लावू नकोस आणि गाडी बोलाव. हे बोलणं पोलीस पाठवून होत नाही, आणि कोरकू न येणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडूनही होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आशा आहेत, आरोग्यमित्र आहेत, मग आणखी कोण कशाला? आशाताई गावात असते, मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर राबते. बाळंतिणीला ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत करते, पण तिथून नागपूरला किंवा नाशिकला पाठवलेल्या रुग्णाबरोबर पंधरा दिवस ती राहू शकत नाही. आरोग्यमित्राचं काम योजनेचे कागद पुरे करण्याचं. भूल देण्यापूर्वी डॉक्टर काय समजावतोय ते रुग्णाच्या भाषेत सांगणं त्याच्या कामात येत नाही. दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि रुग्ण नेमका तिथेच अडतो.

म्हणून मागणी नेमकी मांडायला हवी. आदिवासी जिल्ह्यांची जिल्हा रुग्णालयं आणि ती जिथे रुग्ण पाठवतात ती वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, इथे ‘रुग्ण सोबती’ हे वेतनी पद असावं. जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या भाषेसाठी किमान दोन, त्यातली एक स्त्री, कारण पाळीबद्दल आणि मारहाणीबद्दल बाई बाईशीच बोलेल. निवड त्या भाषकांमधून व्हावी, आणि बारावी पास एवढी अट पुरे. प्रशिक्षणाचा बराचसा भाग वॉर्डात व्हावा. त्यात शिकवायचं ते हे: डॉक्टर बोलला तेवढंच सांगायचं, मध्ये आपला सल्ला घालायचा नाही; रुग्ण बोलला ते गाळायचं नाही, ते डॉक्टरला वेडगळ वाटेल म्हणून तर मुळीच नाही; ऐकलेलं गावात न्यायचं नाही. आणि प्रत्येक सूचनेनंतर रुग्णाला ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. त्यावर सगळेच हो म्हणतात. ‘आता घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा’ असं म्हणायचं आणि तो चुकला तर पुन्हा सांगायचं. गोळ्यांच्या पाकिटावर ‘१-०-१’ लिहिण्याऐवजी उगवता सूर्य आणि चंद्र काढायचा. मधलं शून्य काही जण दुपारची गोळी समजतात.

रात्रीपाळीला प्रत्येक भाषेचा माणूस ठेवणं परवडणार नाही, हे मान्य. त्यासाठी १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर माडिया, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्यांची यादी जोडावी. वॉर्डातल्या फोनवरून डॉक्टर, रुग्ण आणि दुभाषी तिघे बोलतील. समोरासमोर बोलण्याची सर त्याला येणार नाही, पण संमतीपत्रावर आंधळेपणाने अंगठा घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पैसा कुठून येणार? सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीच्या, म्हणजे आदिवासी उपयोजनेच्या, तरतुदीत जिल्ह्याला आरोग्यासाठी रक्कम मिळते. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि आरोग्य हा त्याचा मान्य खर्च आहे. ग्रामसभेने ठराव केला तर गंभीर रुग्णासोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं त्यातून देता येईल. धर्मादाय रुग्णालयांतला निर्धन रुग्ण निधी उपचारांच्या बिलासाठी आहे, त्यातून पगार देता येणार नाही. सोबतीचा पगार रुग्णालयांनी स्वतः उचलावा अशी अट योजनेतच घालावी लागेल. मागणी न्यायालयापुढे जावी लागली तरी ती न्यावी.

हे होईपर्यंत कुटुंबांनी आणि गावातल्या मंडळांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. पावसाळ्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची नावं आधार आणि शिधापत्रिकेवर एकसारखी आहेत का ते पाहून घ्यावं, लग्न झालेल्या मुलीचं आणि नव्या बाळाचं नाव हलवून घ्यावं. उत्पन्नाचा दाखला आजारपण नसतानाच काढून ठेवावा. दवाखान्यात जाताना नवऱ्याखेरीज एक बाई सोबत असावी. जुने कागद, रक्तगट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत असावीत. खाजगी रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर विचारावं. पैसे थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

आणि सरकारने पदं भरण्याआधीही एक काम उद्यापासून करता येईल. केसपेपरवर रुग्णाचं नाव, वय, लिंग आणि पत्ता यांच्या खाली दोन रकाने वाढवावेत. एक, रुग्ण कोणत्या भाषेत बोलतो. दुसरा, डॉक्टरचं म्हणणं त्याला कुणी सांगितलं. सहा महिन्यांत नंदुरबार, अमरावती, गडचिरोली आणि पालघरच्या जिल्हा रुग्णालयांतून एवढीच आकडेवारी गोळा झाली, तर कुठल्या भाषेची किती पदं लागतील याचं उत्तर मिळेल. दुसऱ्या रकान्यात किती वेळा ‘मुलगा’, किती वेळा ‘नवरा’ आणि किती वेळा ‘कुणी नाही’ लिहिलं गेलं, तेही विधिमंडळाच्या पटलावर ठेवावं.